बिगर-न्यूक्लिअर डेन्सिटी गेज काळ्या मातीत चालतं का? आकडे जुळत नाहीयेत

धुळीतला_इंजिनिअर
नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात एका साठवण तलावाच्या भरावावर आहे. गाभ्याला (पाणी अडवणारा मधला भाग) काळी माती, केसिंगला (त्याबाहेरचं आवरण) मुरूम. नेहमीचंच रडगाणं: थर दाबून झाला की कोअर कटर (ठरावीक मापाची पोलादी नळी) ठोका, माती काढा, वजन करा, ओलावा काढा, मग कुठे आकडा येणार. तोवर रोलर उभा, टँकर उभा आणि मुकादम डोक्यावर.

परवा एक विक्रेता बिगर-न्यूक्लिअर डेन्सिटी गेज, म्हणजे थर किती दाबला गेलाय ते सांगणारं यंत्र, घेऊन आला. चार पोलादी खिळे चौकोनात जमिनीत ठोकायचे, त्यांना वायरी लावायच्या, बटण दाबलं की कोरडी घनता आणि ओलावा दोन्ही पडद्यावर. ‘किरणोत्सर्गी काही नाही, लायसन नको, छातीला बॅज नको’ असं सांगत होता. आमच्या साहेबांना आवडलं, पण माझ्या तपासणीत आकडे जुळेनात. खाली देतो. घनता ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये आहे.

जागा १, गाभा, काळी माती: कोअर कटरने ओली घनता १.८३, ओलावा १८ टक्के, कोरडी १.५५. गेज म्हणतं कोरडी १.४९, ओलावा २३.

जागा २, केसिंग, मुरूम: सॅण्ड रिप्लेसमेंटने (खड्डा वाळूने भरून आकारमान काढायची रीत) ओली २.०५, ओलावा ९, कोरडी १.८८. गेज म्हणतं १.८६ आणि १०.

जागा ३, गाभा, नदीकडचं टोक: कोअर कटरने ओली १.८६, ओलावा २२, कोरडी १.५२. गेज म्हणतं १.३८ आणि ३६!

काळ्या मातीची लाइट प्रॉक्टरची (लॅबमधली हलकी दबाई चाचणी) एमडीडी, म्हणजे जास्तीत जास्त कोरडी घनता, १.५४; ती ज्या ओलाव्याला येते तो ओएमसी २४ टक्के. टेंडरला एमडीडीच्या ९५ टक्के दबाई मागितली आहे. विक्रेता म्हणतो तुमचा कोअर कटर चुकतोय. आमची लॅब एजन्सी म्हणते गेज भंगार आहे. कुणाचं खरं मानू?

मुरूमवाला
भाऊ, विक्रेता आला की त्याला चहा पाजावा आन् वाटेला लावावं. आमच्याकडं लातूर साइडला बी असाच एकजण आलता. खडकाळ मुरमात खिळा ठोकायला गेला, दोन हातोडे मारले की खिळा वाकडा. पोरं हसायलीत अन् ते बिचारं घामाघूम. कोअर कटर बरा. पैसे त्याच्याच आकड्यावर मिळतात.

कोअरकटर_काका
मुरमात कोअर कटर कसा चालवता तेही सांगा एकदा. खड्यावर धार बसते आणि आतला नमुना खिळखिळा होतो. तिथे सॅण्डच लागतो.

@धुळीतला_इंजिनिअर, गेज राहू दे बाजूला. आधी तुझा पहिला आकडा बघ. ओएमसी २४, ओलावा १८, म्हणजे माती सहा टक्क्यांनी कोरडी. आणि कोरडी घनता एमडीडीपेक्षा जास्त? ढेकळं फुटत नाहीत अशा ओलाव्याला. असा रोलर कुठे मिळतो ते मलाही सांग. ओलावा कशाने काढला, ओव्हनने की कार्बाइडच्या डब्याने?

धुळीतला_इंजिनिअर
काका, कार्बाइडच्या मीटरने. साइट लॅबमध्ये ओव्हन आहे, पण लाइटचा भरवसा नाही. लॅब आणि रजिस्टर दोन्ही बाहेरच्या एजन्सीकडे आहेत, माझ्याकडे फक्त प्रत येते.

कोअरकटर_काका
मग सापडलं बहुतेक. कार्बाइडच्या डब्यात ओली माती आणि कॅल्शियम कार्बाइड एकत्र हलवलं की पाण्यापासून ॲसिटिलीन वायू होतो आणि त्याचा दाब डायलवर टक्के म्हणून दिसतो. पण तो टक्का ओल्या वजनावरचा असतो. आपल्याला लागतो तो कोरड्या वजनावरचा. डायल १८ दाखवत असेल तर १०० ग्रॅम ओल्या मातीत १८ पाणी आणि ८२ माती. १८ भागिले ८२, म्हणजे २२ टक्के. तुझ्या एजन्सीच्या पोराने डायलचा आकडा जसाच्या तसा उतरवलाय.

आता मांड पुन्हा. १.८३ भागिले १.२२, कोरडी घनता १.५०. दबाई ९७ टक्के. गेज १.४९ म्हणत होतं. म्हणजे जागा १ ला गेज जवळपास बरोबर आहे.

मुरमात डायल ९ असेल तर खरा ओलावा ९.९, कोरडी १.८७. गेज १.८६. तिथेही जुळलं. पाणी कमी असलं की ही चूक लपून जाते, म्हणून मुरमात कुणाच्या लक्षात येत नाही. काळ्या मातीत पाणी २०-३० टक्के, तिथे ती अंगावर येते.

जागा ३ ला डायल २२ तर खरा ओलावा २८.२, कोरडी घनता १.४५. दबाई ९४ टक्के. बाळा, हा थर नापास आहे. रजिस्टरला किती लिहिलंय?

धुळीतला_इंजिनिअर
९८.७. पास.

मुरूमवाला
आयला.

निवृत्त_गुणनियंत्रण
वाचत होतो, आता लिहितो. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी गेली, त्यातली बरीच गुण नियंत्रणात. हा डायलचा घोळ नवा नाही. मीटरसोबत रूपांतराचा तक्ता येतो, तो पेटीच्या झाकणाला चिकटवलेला असतो आणि पहिल्याच पावसात निघून जातो.

दुसरं असं की त्या डब्यात जेमतेम सहा ग्रॅम माती जाते. गाभ्याच्या चिकट काळ्या मातीचा गोळा फुटलाच नाही तर आतलं पाणी कार्बाइडला भेटतच नाही आणि आकडा कमी येतो. आत पोलादी गोळ्या टाकून नीट फिरवावं लागतं, नुसतं हलवून चालत नाही. म्हणून २८.२ हादेखील खालचाच आकडा समज. ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर चोवीस तास ठेवून जे निघेल ते खरं. जनरेटर लाव, पण ओव्हन चालव. आणि गॅसच्या शेगडीवर तवा ठेवून माती भाजणारेही असतात, त्यांना आवर. काळ्या मातीला जास्त उष्णता लागली की मातीच्या कणाला धरून बसलेलं पाणीही निघतं आणि ओलावा फुगतो.

महामार्ग_क्यूसी
गेजबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी न्यूक्लिअर गेजवर काम केलंय. त्यात दोन स्रोत असतात: घनतेसाठी सीझियम-१३७ चे गॅमा किरण, ओलाव्यासाठी अमेरिशियम-बेरिलियमचे न्यूट्रॉन. दांडी जमिनीत उतरवायची, मिनिटभरात आकडा. यंत्र झकास आहे. त्रास कागदांचा: एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी, प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी, प्रत्येकाला टीएलडी (किरणांचा डोस मोजणारा) बॅज, कुलूपबंद वेगळी खोली, गाडीतून नेताना वेगळे नियम. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, अमेरिशियमचं ४३२. यंत्र मोडलं तरी भंगारात देता येत नाही. भरावावर रोलरखाली आलं तर काय होईल या विचारानेच आमचे साहेब ते गोदामातून काढू द्यायचे नाहीत.

त्यामुळे बिगर-न्यूक्लिअरची ओढ समजते. पण लोक एक गोष्ट विसरतात. न्यूक्लिअर गेज घनता बऱ्यापैकी थेट मोजतं, कारण गॅमा किरण वस्तुमानाला अडतात. तुमचं खिळ्यांचं गेज घनता मोजतच नाही. ते विजेचं वर्तन मोजतं आणि त्यावरून घनतेचा अंदाज बांधतं.

माती_मॅडम
@महामार्ग_क्यूसी यांचा शेवटचा मुद्दा पुढे नेते. पॉलिटेक्निकला माती शिकवते, म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चार खिळ्यांमधून उच्च वारंवारतेचा विद्युत संकेत सोडतात आणि माती त्याला किती अडवते, किती साठवते ते बघतात. पाण्याचा परावैद्युतांक (विद्युत ऊर्जा साठवण्याची क्षमता) साधारण ८०, कोरड्या खनिजाचा ३ ते ५, हवेचा १. म्हणजे संकेताला मुख्यतः पाणीच ‘दिसतं’, हवा आणि माती फिकी पडतात. पाण्याचा अंदाज म्हणून पक्का येतो आणि घनतेचा त्या मानाने ढिला. अमेरिकेत या पद्धतीला एएसटीएम डी ७६९८ हे मानक आहे. दुसरा एक प्रकार आहे, तो जमिनीवर नुसता ठेवायचा असतो, खिळे नाहीत. त्याला डी ७८३०. त्याला मातीची चाळणी, लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट आणि प्रॉक्टरचे आकडे आधी भरावे लागतात.

आता काळ्या मातीचं. आपली माती दख्खनच्या बेसाल्टची, त्यात स्मेक्टाइट जातीचं चिकण खनिज भरपूर. त्याच्या पातळ पापुद्र्यांवर पाणी घट्ट बसलेलं असतं आणि सोबत विद्युतभारित आयन. वीज वाहून नेण्याचं काम पाण्याइतकंच हे आयन करतात. त्यात माती खारवट किंवा चोपण (सोडियम जास्त असलेली) असेल तर वाहकता आणखी वाढते, आणि यंत्र त्या वाढीला ‘जास्त पाणी’ समजतं. जागा ३ नदीकडे आहे म्हणता. तिथली माती वेगळ्या खाणीची आहे का? वाळल्यावर वर पांढरा थर येतो का?

धुळीतला_इंजिनिअर
मॅडम, हो! गाळाच्या पट्ट्यातली माती आहे, वरचे शेतकरी त्या भागाला चोपणच म्हणतात. बाकी गाभ्याची माती दुसऱ्या खाणीतून येते. गेजमध्ये विक्रेत्याने दोन्हीकडे ‘क्ले’ असं एकच मॉडेल निवडलं होतं, ते कंपनीकडून भरूनच आलेलं होतं.

माती_मॅडम
मग उत्तर त्यातच आहे. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या चिकणमातीवर बांधलेलं मॉडेल जालन्याच्या चोपणाला लावलं. जागा १ ला जुळलं हे नशीब.

आणि एक सोपी परीक्षा सांगते, गेज असो वा रजिस्टर, रोज लावा. मातीत हवा अजिबात उरली नाही असं धरलं तर त्या ओलाव्याला कोरडी घनता जास्तीत जास्त किती असू शकते, याचं सूत्र आहे: विशिष्ट गुरुत्व भागिले (१ + ओलावा × विशिष्ट गुरुत्व). काळ्या मातीचं विशिष्ट गुरुत्व २.७० धरा. ओलावा ३६ टक्के असेल तर २.७० भागिले १.९७२, म्हणजे १.३७. तुमचं गेज १.३८ म्हणतंय. हवाशून्य मर्यादेच्याही वर! मातीत पोकळीच नाही, वर थोडी माती जास्त कोंबलीय, असा त्याचा अर्थ होतो. असा आकडा दिसला की तिथेच फुली मारायची, वाद घालत बसायचं नाही.

धुळीतला_इंजिनिअर
हे भारी आहे. एक्सेलमध्ये घालतो. म्हणजे जागा ३ ला रजिस्टरही चूक आणि गेजही चूक, दोघं उलट्या दिशांनी.

परभणीकर_शेतकरी
राम राम. विषय माझा नाही पण माती माझी आहे म्हणून विचारतो. ह्या यंत्राने आमच्या वावरातली ओल सांगता येईल का? हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते कळलं तर बरं होईल. विकणारे लई काय काय सांगायलेत.

माती_मॅडम
दादा, शेतासाठी हे नको. तत्त्व तेच वापरणारे स्वस्त सेन्सर मिळतात, पण काळ्या रानाला भेगा पडल्या की सेन्सर आणि मातीच्या मध्ये हवा शिरते आणि आकडा भलताच खाली येतो. परभणीच्या विद्यापीठात विचारून बघा, आपल्या मातीचं त्यांच्याइतकं कोण सांगणार.

परभणीकर_शेतकरी
बरं बरं. तोवर हातात ढेकूळ घेऊन दाबून बघतो, तेच चालू आहे आजोबांपासून.

मुरूमवाला
मॅडम, एक शंका. पाणीच नाही तर ओएमसी आणायची कुठून? उन्हाळ्यात टँकर मिळंना. मी तर म्हणतो कोरड्यातच चार फेऱ्या जास्त मारल्या की घनता येते. ९५ आले की झालं ना? रोडवर तर काळ्या मातीला ९० च मागतात.

महामार्ग_क्यूसी
रस्त्याचं ९० आहे ते जड दबाईच्या एमडीडीवर आहे, तुमच्या लाइट प्रॉक्टरवर नाही. आणि ते फक्त खालच्या भरावाला. सबग्रेडमध्ये (रस्त्याच्या थरांच्या लगेच खालची दाबलेली माती) आणि त्याच्या लगतच्या खालच्या ५०० मिमीत फुगणारी माती चालतच नाही. अर्धं वाक्य सांगू नका.

निवृत्त_गुणनियंत्रण
@मुरूमवाला, तुमच्यासारख्या ठेकेदारांशी भांडण्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे राग नाही. पण ऐका. काळी माती कोरडी ठेवून जास्त फेऱ्यांनी दाबली तर घनता कागदावर येते, हे खरं. पण ढेकळांच्या मधल्या फटी तशाच राहतात. तलाव भरला की त्या फटींतून पाणी चालतं. शिवाय कोरडी, घट्ट दाबलेली काळी माती पाणी पिऊन जास्त फुगते. गाभ्याला माती ओएमसीच्या आसपास, किंचित ओल्या बाजूला लागते. भराव खाली बसला तर ती लवते, चिरत नाही. घनता पास आणि ओलावा नापास म्हणजे थर नापासच.

पाणी थरावर शिंपडून लगेच रोलर चालवू नका. आदल्या दिवशी खाणीतच पाणी सोडा, माती रात्रभर मुरू द्या. टँकर तेवढेच लागतात, फक्त वेळ आधी.

पैठणला जायकवाडी १९७६ ला पूर्ण झालं, जवळपास दहा किलोमीटर लांबीचा बांध. तेव्हा कुठलं गेज? प्रॉक्टरने १९३३ मध्ये मांडलेली रीत, कोअर कटर, वाळू आणि ओव्हन, एवढ्यावर थर पास झाले. मला यंत्राचा राग नाही. पण थर पास करणारा माणूस आणि नमुना घेणारा माणूस वेगळे असले पाहिजेत, हे यंत्राने सुटत नाही.

@धुळीतला, आता तुझं काम. जागा ३ चा थर उखडून काढ. हॅरो फिरव, वाळू दे, २४-२५ ला आला की पुन्हा दाब. तिथे रोलर पुढे गेल्यावर माती गादीसारखी हलत असेल, बघितलंस का? आणि मागच्या थरांचं रजिस्टर उघड. डायलचे आकडे तिथे लिहिलेले आहेत, गणित मागे जाऊन करता येतं. किती थर ९५ च्या खाली जातात ते काढ आणि साहेबांना लेखी दे. तोंडी नको.

धुळीतला_इंजिनिअर
सर, हलत होती. मुकादम म्हणाला नवीन थर आहे, बसेल.

अपडेट: डेमोच्या दिवशी कोअरमधली उरलेली माती पिशवीत गच्च बांधून ठेवली होती, ती तालुक्याला नेऊन ओव्हनमध्ये घातली. जागा १ चा ओलावा २२.६, कोरडी घनता १.४९. गेजशी तंतोतंत. जागा ३ चा ओलावा २९.१, कोरडी १.४४, दबाई ९३.५ च्या आसपास. निवृत्त सर म्हणाले तसं कार्बाइडने कमीच दाखवलं होतं. थर उखडलाय. मागच्या थरांचा तक्ता करून दिला. बहुतेक थर बसतायत, नदीकडच्या टोकाचे काही बसत नाहीत. एजन्सी आता फोन उचलत नाही, पण साहेबांनी सही केलीय.

आता मूळ प्रश्न पुन्हा: गेज घ्यावं की नाही?

कोअरकटर_काका
बिलासाठी घेत असशील तर नको. टेंडरमध्ये आयएस २७२० (माती चाचणीचं भारतीय मानक) लिहिलंय, कोअर कटरचा भाग २९ आणि सॅण्डचा भाग २८. एमबीच्या (कामाच्या मोजमापाची वही) मागे गेजची चिठ्ठी लावून कोणी पैसे देणार नाही.

पण थराची झडती घ्यायला कामाचं आहे. कोअर कटरने तू थरावर दोन-तीन जागा बघतोस आणि त्याही ठेकेदाराच्या मुकादमाने बोट दाखवलेल्या. गेजने अख्ख्या पट्ट्यावर फिरता येतं. जिथे आकडा खाली पडेल तिथेच कोअर कटर ठोकायचा. नापास जागा अशाच सापडतात.

माती_मॅडम
सहमत. फक्त मॉडेल स्वतः बांधा. खाण वेगळी, मॉडेल वेगळं. एका खाणीची माती कोरडी, ओएमसीला आणि ओली अशा तीन-चार ओलाव्यांवर घ्या, प्रत्येक ओलाव्याला कमी-जास्त दाबलेली जागा घ्या, गेजचं वाचन घ्या आणि तिथेच शेजारी कोअर कटर व ओव्हन. ओलावा आणि घनता या दोन्हींची पूर्ण रेंज मॉडेलमध्ये आली पाहिजे. सगळे बिंदू ओएमसीजवळचे घेतले तर ते फक्त पास आकडेच सांगायला शिकतं. चोपण मातीचं मॉडेल जमलं नाही तर तिथे गेज वापरूच नका. चुना मिसळलेल्या थरालाही जुनं मॉडेल लावू नका.

महामार्ग_क्यूसी
दोन गोष्टी जोडतो. ह्यूम पाइपच्या किंवा मोरीच्या सळईच्या अगदी जवळ वाचन घेऊ नका, धातू संकेत बिघडवतो. आणि खिळा एकदा हलला तर तो उपसून दुसऱ्या जागी ठोका. खिळ्याभोवती हवेची फट राहिली की घनता कमी येते आणि चांगला थर उगाच नापास होतो.

मुरूमवाला
आमच्या मुरमात तर हलणारच. मग आमचे थर रोज नापास का?

कोअरकटर_काका
बारीक मुरूम असेल तिथे आधी खिळ्यापेक्षा बारीक सळईने छिद्र पाडून बघा, खडा लागला तर वीतभर सरका. मोठे खडे असतील तिथे वाळूचा डबाच काढा.

धुळीतला_इंजिनिअर
ठरलं असं: विकत नाही, महिन्याच्या भाड्याने मागतोय. केसिंगला आणि पहिल्या खाणीच्या मातीला वापरू, नदीकडचं टोक पूर्ण कोअर कटरवर. विक्रेत्याला अट घातलीय की मॉडेल आमच्या मातीवर, आमच्या ओव्हनसमोर बांधून द्यायचं. तो म्हणाला, ‘मग मला साइटवर राहावं लागेल.’ म्हटलं, राहा की, लेबर कँपला खोली रिकामी आहे.

मुरूमवाला
जास्तीचे खिळे भाड्यात धरून घे. वाकडे झाले की तो ठेकेदाराच्याच बिलातून कापायला लावंल.